पिस्टन रिंगांची तपासणी आणि बदल : इंजिन उघडण्यापूर्वी व उघडल्यानंतर

सुरतनजीकचे कडोदरा हे राष्ट्रीय महामार्ग ४८ वरील गाव मालवाहतूकदारांना सुपरिचित आहे. मुंबई–अहमदाबाद वाहतुकीचा हा मार्ग येथे सुरत–बारडोली रस्त्याला छेदतो आणि पुढे व्यारा, नवापूरमार्गे धुळ्याकडे, म्हणजे खानदेशात जाणारी वाट फुटते. बेळगावमार्गे अथवा कोकणातून मुंबईमार्गे गुजरातकडे जाणारा गोव्यातील ट्रकही याच महामार्गाने धावतो. भर प्रवासात इंजिनाची ओढ कमी झाली, धूर वाढला आणि तेल संपू लागले, तर मालकाला घरापासून शेकडो किलोमीटर दूर, अनोळखी गॅरेजमध्ये निर्णय घ्यावा लागतो. ‘रिंगा गेल्या, इंजिन उघडावे लागेल’ हे वाक्य त्याला तेथे ऐकू येते. त्या वाक्याचा अर्थ काय, ते खरे आहे की नाही हे कसे पडताळावे आणि काम ठरलेच तर ते कोणत्या क्रमाने व्हावे, याची माहिती असणे म्हणूनच हिताचे ठरते.

रिंगेचे कार्य

पिस्टन, म्हणजे दट्ट्या, सिलिंडरमध्ये घट्ट बसवता येत नाही; उष्णतेने तो फुगतो आणि अडकतो. त्याच्या व सिलिंडरच्या भिंतीच्या मध्ये ठेवलेली फट बुजवण्याचे काम रिंगा करतात. वाफेच्या इंजिनांच्या आरंभीच्या काळात या फटीत चरबी लावलेला ताग भरला जाई. १८५० च्या दशकाच्या आरंभी जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे अभियंत्याने एका ठिकाणी छेद दिलेली, स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटून राहणारी धातूची रिंग प्रचारात आणली. आजची रिंग तत्त्वतः तीच आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात आणि १९४६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने जी डिझेल इंजिने घडवली, त्यांतही हाच भाग इंजिनाच्या आयुष्याची मर्यादा ठरवीत आला.

रिंगेची कामे तीन. ज्वलनाचा दाब वर रोखून धरणे, पिस्टनची उष्णता भिंतीकडे पोहोचवणे आणि भिंतीवरील तेलाचा थर हवा तेवढाच ठेवणे. बहुतेक चारचाकी व ट्रक इंजिनांत प्रत्येक पिस्टनवर तीन रिंगा असतात. सर्वात वरची रिंग दाब रोखते. दुसरी दाबही रोखते आणि तेलही खरवडून खाली आणते. तिसरी केवळ तेलासाठी असते. डिझेल इंजिनात तिच्या आत बहुधा गोल गुंडाळलेली स्प्रिंग असते.

रिंग भिंतीला चिकटते ती केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे. ज्वलनाचा वायू खाचेत शिरून रिंगेच्या मागे जातो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणून खाचेत रिंगेच्या बाजूला व मागे नेमकी फट असावी लागते. ही फट काजळीने भरली तर रिंग जखडते. झिजून वाढली तर रिंग खाचेत आपटत राहते आणि तेल वर ढकलते.

झीज किती होते, याचा अंदाज एका परिचित इंजिनावरून येतो. टाटाच्या जुन्या ट्रकांतील ‘६९७’ या इंजिनाच्या नावातच सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यास सामावलेला आहे. त्याच्या पिस्टनचा पल्ला १२८ मिलिमीटर आहे. मिनिटाला २,००० फेरे या गतीने प्रत्येक रिंग मिनिटाला सुमारे ५१२ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ३० किलोमीटर भिंतीवर घासते. एवढे घर्षण तेलाच्या अत्यंत पातळ थरावर चालते. त्या थरात धुळीचे कण आले की रिंग आणि भिंत दोन्ही पॉलिशपेपरने घासल्यासारखी झिजतात.

उघडण्यापूर्वीची परीक्षा

निळसर धूर, वारंवार तेल भरावे लागणे, चढावर ओढ न मिळणे, सकाळी उशिरा सुरू होणे आणि ब्रीदरच्या नळीतून जोराने वाफारे येणे ही रिंगा झिजल्याची लक्षणे होत. मात्र यांपैकी एकेक लक्षण दुसऱ्या कारणानेही दिसते. व्हॉल्व्हच्या गाइडचे सील गेले, टर्बोचार्जरचे सील गळू लागले, ब्रीदर तुंबला किंवा तेल पातळीपेक्षा अधिक भरले, तरी इंजिन तेल जाळते. काळा धूर बहुधा अपुऱ्या हवेचा अथवा अतिरिक्त इंधनाचा असतो. त्याचा रिंगांशी थेट संबंध नसतो.

म्हणून इंजिन उघडण्याआधी दोन परीक्षा आवश्यक ठरतात. पहिली कंप्रेशनची. सर्व सिलिंडरांचा दाब मापून एकमेकांशी ताडून पाहावा. सारे आकडे सारखेच थोडे कमी असतील तर ती सर्वसाधारण झीज असू शकते. एकच सिलिंडर फार मागे असेल तर दोष तेथे शोधावा. पेट्रोल इंजिनात कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मापन करतात. दाब वाढला तर रिंगांवर, न वाढला तर व्हॉल्व्ह अथवा हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. डिझेल इंजिनात ही युक्ती फसवी आहे. तेथे ज्वलनाची जागा इतकी लहान असते की ओतलेले तेलच दाब वाढवते आणि अधिक तेल पडल्यास इंजिनाला इजा होऊ शकते.

दुसरी परीक्षा गळतीची. पिस्टन सर्वात वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये कंप्रेसरची हवा सोडतात आणि ती कोठून निसटते ते ऐकतात. ब्रीदर अथवा तेलाच्या तोंडातून सुसाट आवाज आला तर रिंगा. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनलेट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला गेलेला तडा. या परीक्षेला वेळ फार लागत नाही. तिच्यावाचून इंजिन उघडणे हा मात्र हजारो रुपयांचा जुगार ठरतो.

जुन्या रिंगा काय सांगतात

इंजिन खोलताना पिस्टन वर काढण्यापूर्वी सिलिंडरच्या तोंडाशी उरलेली कड तपासावी. रिंग जेथपर्यंत जाते तेथपर्यंत भिंत झिजते आणि वर न झिजलेली कड राहते. ती न काढता पिस्टन ठोकून बाहेर काढला तर रिंगांमधील पिस्टनचा भाग तुटतो. प्रत्येक पिस्टनवर सिलिंडरचा क्रमांक आणि पुढची बाजू नोंदवावी. कनेक्टिंग रॉड व त्याची कॅप ही जोडी असते. तिची अदलाबदल होता कामा नये. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवले की क्रँकच्या पृष्ठभागावर ओरखडे पडत नाहीत.

काढलेल्या रिंगा फेकू नयेत. त्या क्रमाने मांडून ठेवाव्यात. झिजण्याचे कारण त्यांच्यावरच लिहिलेले असते. वरची रिंग अधिक झिजली, तिचा पृष्ठभाग निस्तेज करडा झाला आणि त्यावर उभ्या बारीक रेघा दिसल्या, तर धूळ हवेच्या वाटेने शिरली आहे. एअर फिल्टर, त्याची बैठक, रबरी नळ्या आणि त्यांचे क्लॅम्प तपासल्याशिवाय नवी रिंग बसवण्यात अर्थ नाही. तेलाची रिंग अधिक झिजली असेल तर घाण तेलातून आली आहे. रिंगा काजळीने जखडल्या असतील तर अतिउष्णता, जळलेले तेल किंवा दीर्घकाळ बिनभाराचे चालणे ही कारणे संभवतात. भिंतीवर व रिंगेवर धातू ओढल्यासारखे चट्टे असतील तर पाणी अथवा तेल यांपैकी एकाने साथ सोडली आहे. तुटलेली रिंग बहुधा झिजलेल्या खाचेची, बिघडलेल्या ज्वलनाची किंवा मागील वेळच्या चुकीच्या बसवणीची साक्ष देते.

गोव्याच्या किनाऱ्यावर आणखी एक कारण लक्षात घ्यावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते आणि त्या काळात ट्रॉलर उभे राहतात. २०१२ नंतर खाणी बंद पडल्या तेव्हा खनिज वाहणारे ट्रक आणि बार्जही दीर्घकाळ उभे होते. दमट, खाऱ्या हवेत उभ्या इंजिनाच्या भिंतीवरील तेल निथळून जाते, उघड्या व्हॉल्व्हवाटे ओलावा शिरतो आणि रिंग जेथे थांबली असेल तेथे गंजाची चकती उमटते. असे इंजिन थेट स्टार्टरने फिरवले तर तोच गंज भिंत खरवडतो. त्याआधी इंजिन हाताने फिरवून पाहणे आणि सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडणे हा साधा उपाय आहे.

सफाई आणि पिस्टनची पारख

पिस्टनच्या खाचांतील काजळी पूर्ण निघाली पाहिजे. पण खाचेची धातू निघता कामा नये. तारेचा फिरता ब्रश येथे वापरू नये. जुन्या रिंगेचा तुकडा मोडून त्याने खाच खरवडण्याची रीत सर्रास आहे, तथापि त्या तुकड्याची धार ॲल्युमिनियममध्ये सहज चरे पाडते. तेलाच्या खाचेतील भोके अथवा फटी मोकळ्या आहेत की नाहीत हेही पाहावे. त्या तुंबल्या तर नवी रिंगही तेल परत पाठवू शकत नाही. लोखंडी भाग धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत पिस्टन कदापि टाकू नये, कारण कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकते.

साफ खाचेत नवी रिंग ठेवून तिच्या बाजूची फट फिलर गेजने मापावी. अनेक इंजिनांत नव्या भागांसाठी ती साधारण ०.०४ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, ०.१५ च्या पुढे गेली तर पिस्टनच बदलण्याचा विचार करावा. अंतिम मर्यादा अर्थातच त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलची. अनेक डिझेल इंजिनांत वरची रिंग बाजूंनी उतरती असते, जेणेकरून ती हलताना काजळी फोडत राहावी. अशा रिंगेची फट साध्या गेजने नीट मोजता येत नाही; उत्पादकाने दिलेली पद्धत वापरावी लागते.

झिजलेल्या खाचेत नवी रिंग ही या कामातील सर्वात महाग पडणारी काटकसर होय. रिंगांचा संच पिस्टनपेक्षा स्वस्त असतो, म्हणून मालक तेवढ्यावर भागवू पाहतो. काही आठवडे धूर थांबतो आणि मग पुन्हा सुरू होतो. खोलण्याची मजुरी, गॅस्केट आणि तेल यांचा खर्च मात्र दुसऱ्यांदा सोसावा लागतो.

सिलिंडरचे मापन

भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसते म्हणून ती चांगली असे समजू नये. काचेसारखी चकचकीत भिंत उलट झिजेची खूण असते. बोअर डायल गेजने वर, मध्ये आणि खाली अशा तीन पातळ्यांवर, आणि प्रत्येक पातळीवर क्रँकच्या दिशेत व तिला काटकोनात, अशी सहा मापे घ्यावीत. वर-खालच्या मापांतील फरक म्हणजे निमुळतेपणा. आडव्या-उभ्यातील फरक म्हणजे लंबवर्तुळाकार झीज. झीज सर्वाधिक असते ती वरच्या रिंगेच्या परतण्याच्या जागी, कारण तेथे दाब आणि उष्णता सर्वाधिक आणि तेल सर्वात कमी असते.

डायल गेज नसेल तर रिंगच गेजचे काम देते. रिंग सिलिंडरमध्ये वर व खाली ठेवून तिच्या दोन टोकांतील फट मापावी आणि फरकाला ३.१४ ने भागावे. खाली ०.४४ आणि वर ०.७५ मिलिमीटर फट आली तर फरक ०.३१, म्हणजे व्यासातील निमुळतेपणा सुमारे ०.१ मिलिमीटर. ही रीत लंबवर्तुळाकार झीज दाखवत नाही, पण नवी रिंग पुरेल की नाही याचा अंदाज देते.

मापांवरून तीन वाटा निघतात. झीज मर्यादेत असेल तर होनिंग करून त्याच मापाच्या नव्या रिंगा घालाव्यात. मर्यादा ओलांडली असेल आणि ब्लॉक तशा बांधणीचा असेल, तर बोरिंग करून ०.२५, ०.५० अशा वाढीव मापाचे पिस्टन व रिंगा वापराव्यात. लायनर असलेल्या इंजिनांत लायनर, पिस्टन, पिन आणि रिंगा यांचा पूर्ण संच बदलणे हा बहुधा सुरक्षित मार्ग. पाण्याच्या थेट संपर्कातील लायनर बदलताना खालच्या रबरी रिंगा नव्या घालाव्यात आणि लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किती वर राहतो ते मापावे. ते चुकले तर हेड गॅस्केट टिकत नाही.

होनिंगचा हेतू भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटवणे हा आहे. त्या साधारण ४५ अंशांच्या आसपास छेदतात. त्यांत तेल टिकते आणि नवी रिंग भिंतीशी जुळते. रेघांचा खडबडीतपणा रिंगेवरील लेपानुसार ठरतो. लायनर क्रोमचा असेल तर क्रोमचा लेप असलेली रिंग त्यात चालत नाही.

होनिंगनंतरची धुलाई हा सर्वाधिक दुर्लक्षित टप्पा आहे. दगडाचे सूक्ष्म कण रेघांत रुतून बसतात आणि पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने ते निघत नाहीत. गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनी भिंत घासावी. मग तेलात भिजवलेले पांढरे फडके फिरवावे. ते करडे निघेल तोवर धुलाई अपुरी समजावी. भिंत कोरडी होताच तेल लावावे, कारण दमट हवेत काही तासांतच गंज धरतो.

टोकांची फट

बसवण्यापूर्वी प्रत्येक नवी रिंग तिच्या स्वतःच्या सिलिंडरमध्ये ठेवून टोकांची फट मापावी. रिंग पालथ्या पिस्टनने खाली ढकलली की ती सरळ बसते. झिजलेल्या भिंतीत हे माप रिंगेच्या पल्ल्याच्या खालच्या, कमी झिजलेल्या भागात घ्यावे, कारण रिंगेला तेथूनही अडखळल्याविना जायचे असते. मॅन्युअल हाताशी नसेल तर व्यासाच्या ०.३ ते ०.४ टक्के हा ढोबळ अंदाज प्रचलित आहे. ९७ मिलिमीटर व्यासाला तो ०.२९ ते ०.३९ मिलिमीटर येतो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांना बहुधा अधिक फट लागते.

फट कमी असणे हे जास्त असण्यापेक्षा घातक. तापल्यावर रिंगेची टोके एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीवर रुतते आणि पिस्टनसह तुटते. कमी फट कानशीने वाढवता येते. टोके चौरस राहतील अशा बेताने, कानस बाहेरील लेपाकडून आतल्या दिशेने चालवावी. उलट चालवल्यास लेपाचे टवके उडतात. फट जास्त आली तर ओव्हरसाईझ रिंग कापून घालण्याची युक्ती करू नये. मोठ्या व्यासासाठी घडलेली रिंग लहान सिलिंडरमध्ये पूर्ण गोल बसत नाही आणि प्रकाशाविरुद्ध धरल्यास तिच्या कडेने फटी दिसतात.

बसवणी

रिंगा खालून वर चढवतात : आधी तेलाची, मग दुसरी, शेवटी वरची. तेलाच्या रिंगेतील स्प्रिंगचा जोड रिंगेच्या फटीच्या बरोबर विरुद्ध बाजूस ठेवावा. रिंगेवरील ‘टॉप’ अथवा ठिपक्याची खूण वरच्या बाजूस असावी. दुसरी रिंग उलटी बसली तर ती तेल खाली खरवडण्याऐवजी वर चढवते आणि नवे इंजिन पहिल्याच दिवसापासून धूर सोडते. चढवण्यासाठी रिंग एक्स्पांडर वापरावा. रिंग हाताने पिळून, मळसूत्रासारखी फिरवत चढवली की तिचा आकार कायमचा बिघडतो.

तिन्ही फटी साधारण १२० अंशांच्या अंतराने, पिनच्या रेषेत न येतील अशा ठेवतात. पिस्टन, भिंत आणि रिंग कंप्रेसरला तेल लावून पिस्टनची खूण पुढे करावी व हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके टोले द्यावेत. पिस्टन मध्येच अडला तर तेथेच थांबावे. रिंग कंप्रेसरमधून सुटून कडेवर आलेली असते आणि पुढचा टोला तिला मोडतो. पिस्टनच्या तळाला तेलाचा फवारा सोडणारी नळी असलेल्या इंजिनात रॉड तिच्यावर आपटू देऊ नये. प्रत्येक पिस्टन बसल्यावर बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापात आवळून क्रँक फिरवून पाहावा. जडपणा जाणवला तर कारण त्याच पिस्टनात सापडते.

पहिले काही तास

नवी रिंग आणि भिंत एकमेकींशी जुळण्यासाठी ज्वलनाचा दाब आवश्यक असतो. म्हणून नवे बांधलेले इंजिन रात्रभर न्यूट्रलमध्ये चालू ठेवण्याची प्रथा हितकारक नाही. कमी दाबामुळे रिंगा जुळत नाहीत, भिंतीवर तेलाचा चकचकीत थर भाजला जातो आणि तेल जळणे कायमचे मागे लागते. सुरू करण्यापूर्वी तेलाचा दाब तयार करावा, सुरू झाल्यावर गळती आणि तापमान पाहावे, आणि त्यानंतर मध्यम भाराखाली, गती कमी-जास्त करीत गाडी चालवावी. आरंभीच पूर्ण भार आणि लांब चढ टाळावेत. रोज सकाळी तेलाची पातळी नोंदवावी आणि पहिले तेल व फिल्टर उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर बदलावेत.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या वाहनांत या साऱ्याला अधिक महत्त्व आले आहे. जळालेल्या तेलाची राख डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये साचते आणि ती नेहमीच्या स्वयंसफाईने जात नाही. झिजलेल्या रिंगांकडे केलेले दुर्लक्ष अशा गाडीत एक्झॉस्टच्या महागड्या भागांपर्यंत पोहोचते.

मालकाने काय मागावे

परमुलखातील गॅरेजमध्ये मालकाचे संरक्षण ओळखीपेक्षा कागद अधिक करतो. कंप्रेशन अथवा गळतीच्या परीक्षेचे आकडे, प्रत्येक सिलिंडरची मापे, खाचेची व टोकांची फट एका कागदावर लिहून मागावी. जी मापे घेतलीच नाहीत ती लिहिता येत नाहीत, हा या कागदाचा खरा उपयोग. रिंगा, पिस्टन व बेअरिंग अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्यावेत, पार्ट क्रमांक इंजिन क्रमांकाशी ताडून पाहावा आणि खोके आपल्यासमोर उघडावे. नकली रिंग दिसायला खऱ्यासारखीच असते. तिचा ताण आणि लेप मात्र पहिल्या काही महिन्यांतच उणा पडतो. जुने भाग परत मागून घ्यावेत. ब्लॉकच बदलावा लागला तर इंजिन क्रमांक बदलतो. त्याची नोंद वाहतूक कार्यालयात करून घेतली नाही, तर पुढे विमा आणि विक्री दोन्ही अडतात.

आणि गाडी गॅरेजबाहेर काढण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : रिंगा कशाने गेल्या? ‘जुन्या झाल्या’ हे उत्तर लाखो किलोमीटर चाललेल्या इंजिनाला लागू पडते. त्याहून आधी गेल्या असतील तर कारण धूळ, उष्णता अथवा तेल यांपैकी एक असते. ते कारण दूर न करता बसवलेला नवा संच जुन्याच वाटेने जातो.